मास्तरांच्या धाकट्या भावाची वाचा

९ फेब्रुवारी

दादा,

मायना काय घालावा या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं दादा लिहिते. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तुमच्या पोटात गोळा येईल, तेव्हा आधीच सांगते, तसं काही नाही. हे बरे आहेत. चालतात, उजवा पाय थोडा ओढतात, डाव्या हाताने जेवतात. पत्र लिहितेय ते एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे म्हणून.

यांच्या कपाळात किंवा डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का?

ऑक्टोबरात झटका आला तेव्हापासून यांची वाचा गेली, हे तुमच्या कानावर आहेच. अगदी पूर्ण गेली असंही नाही. दोन शब्द उरलेत, ‘म्हणजे काय’. तुमच्या कारखान्यात गिऱ्हाइकाशी बोलताना दर चौथ्या वाक्याला म्हणायचे ना, ‘म्हणजे काय, तुमचं काम आजच देतो!’ तेवढंच मागे राहिलं. नाव विचारलं की म्हणजे काय. भूक लागली की म्हणजे काय. रडू आलं तरी तेच. डॉक्टर म्हणतात, अक्कल शाबूत आहे, ऐकलेलं बरंचसं कळतं, शब्दही आत आहेत, पण बाहेर यायची वाट बुजली आहे.

आता मोठ्या दवाखान्यात एक उपचार करून बघायचं ठरलं आहे. डोक्याला बाहेरून एक चक्री लावतात आणि तिच्यातून चुंबकाचे ठोके मेंदूपर्यंत पोचवतात. कापाकापी नाही, भूल नाही. पण चुंबक म्हटल्यावर डोक्यात लोखंडाचा कण असलेला चालत नाही. फॉर्मवर तसा रकानाच आहे, आणि लेथवर लोखंड कातायचं काम केलेल्या माणसाला दोनदा विचारतात. मी ‘नाही’ लिहिणार एवढ्यात यांनी माझं मनगट धरलं, डाव्या भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘म्हणजे काय!’

मी म्हटलं, ‘अहो, ती सायकलवरून पडल्याची खूण.’

इतके चिडले की पेन भिरकावलं. मग मी विचारलं, ‘लोखंड?’ तर मान हलवली. पण ती मान ‘हो’ची की ‘नाही’ची, याचा आजकाल भरवसा नाही. दोन्हींची अदलाबदल होते. चहा हवा असला तरी मान आडवी हलते.

ही लग्नाआधीची गोष्ट. सासूबाई आता नाहीत. तेव्हाचं जाणणारे तुम्ही एकटेच उरलात.

ऑक्टोबरात तुम्ही दवाखान्यात आला होतात, पण भेट झाली नाही. आत कुणालाच सोडत नव्हते. ते मी तेव्हाच सांगितलं होतं.

उत्तर तेवढंच लिहा. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुमची भावजय


२० फेब्रुवारी

दादा,

मी एका ओळीचं उत्तर मागितलं होतं, तुम्ही चार पानं लिहिलीत. वेळेवर लिहिलीत, त्याचे उपकार आहेत.

म्हणजे सायकल नव्हतीच. हे सोळा वर्षांचे, तुम्ही बावीसचे. मोठा नग बसेना म्हणून तुम्ही ग्राइंडरच्या चाकावरचा गार्ड काढून ठेवलात, यांना हत्याराला धार लावायला सांगितलंत, आणि त्याचं टोक तुटून यांच्या कपाळात घुसलं. तुम्ही घाबरलात. ‘आईला सायकल सांग,’ म्हणालात.

यांनी अडतीस वर्षं सायकलच सांगितली, दादा. मला सांगितली, लेकीला सांगितली. पाहुणे आले की त्या गोष्टीत भर पडायची. आधी नुसतं कुत्रं आडवं यायचं, मग कुत्र्यामागे त्याची मालकीण यायची, पुढे पुढे ती मालकीण दिसायलाही छान होती. कामगार तुम्हाला ‘मास्तर’ आणि यांना ‘रेडिओ’ म्हणायचे ते काय उगाच? एक गोष्ट पोटात ठेवणं ज्या माणसाला जमत नाही, त्याने ही एवढी एक तुमच्यासाठी ठेवली. मला वाटायचं, या माणसाच्या आतलं मला माहीत नसलेलं काही उरलेलं नाही.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. ग्राइंडरचं आलं तेव्हा डोळे मिटून घेतले.

एक्स-रे काढला. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, कातडीखाली, हाडाच्या वर. चक्री उजव्या बाजूला धरतात आणि हा डावीकडे, तरी डॉक्टर म्हणाले, धोका नको, काढूनच टाकू. पाऊण तासात झालं. तीन टाके. मी शिवणवर्गात शिकवते, त्यामुळे टाके पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. चांगले होते, सारख्या अंतराचे. तुकडा स्टीलच्या ताटलीत टाकला, तो यांनी बोटाच्या टोकावर घेऊन बराच वेळ बघितला. मग स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही. सात वर्षांपूर्वी एका शाफ्टचा दांडा कातताना अर्धा मिलिमीटर कमी झाला, यांच्याकडून. चूकच होती. पण सगळ्या कामगारांसमोर तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या हातात काही नाही, नुसत्या तोंडावर जगतोस. तुझी वाचा बसेल तर सुटेन मी.’

त्या संध्याकाळी जेवताना यांनी मला तुमच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. हसवायला बघत होते. मी हसले नाही, मग तेही गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याकडे फिरकले नाहीत. सहा वर्षं बेअरिंगच्या दुकानात काउंटरवर उभे राहून दुसऱ्याचा माल विकला.

ऑक्टोबरात दवाखान्याच्या व्हरांड्यात जो भेटेल त्याला मी सांगत होते, ‘मोठ्या भावाची वाणी लागली.’ डॉक्टरांनी ऐकलं. म्हणाले, ‘बाई, वाणी नाही, ब्लडप्रेशर.’ मला ते पटलं नाही. खरं तर पटवून घ्यायचं नव्हतं.

उपचार चार तारखेला सुरू होतील. दहा दिवसांचा आहे.

तुमची भावजय


१० मार्च

दादा,

तुम्ही पत्रात विचारलंत, ‘कसं चाललंय?’ एवढंच. या वेळी तुमची एक ओळ. आपली उलटीच तऱ्हा.

पाच दिवस झाले. दात काढायच्या खुर्चीसारखी खुर्ची आहे. कानात बोळे घालतात. चक्री आठाच्या आकड्यासारखी, ती उजव्या कानाच्या वर जरा पुढे धरतात, आणि मग टक, टक, टक. सेकंदाला एक ठोका, वीस मिनिटं. प्रत्येक ठोक्याला यांच्या गालाचा एक स्नायू उडतो. दुखत नाही म्हणे, टिचकी मारल्यासारखं वाटतं. क्वचित कुणाला फीट येऊ शकते म्हणून नर्स समोर बसून असते. पहिल्या दिवशी मी तिच्यापेक्षा जास्त टक लावून बघत होते.

मी डॉक्टरांना विचारलं, ‘इजा डावीकडे झाली, मग ठोके उजवीकडे का?’ ते म्हणाले, ‘डावी बाजू बोलण्याची. ती जखमी झाली की उजवी मदतीला धावते. पण धावता धावता तीच कारभार हातात घेते आणि डावीला तोंड उघडू देत नाही. म्हणून उजवीला थोडा वेळ गप्प बसवायचं. तेवढ्या वेळात डावीकडून मेहनत करून घ्यायची.’

हे ऐकताना यांनी माझ्याकडे बघितलं आणि खांदे हलवून हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. का हसले ते मला कळलं, तुम्हालाही कळेल. राग मानू नका.

डॉक्टरांनी वचन काही दिलं नाही. म्हणाले, ‘ठोक्यांनी शब्द येत नाहीत. शब्द सरावाने येतात. ठोक्यांनी सराव मुरायला मदत होते असं दिसतं, सगळ्यांच्या बाबतीत नाही.’ असा बोलणारा डॉक्टर मला आवडला.

ठोके संपले की लगेच शेजारच्या खोलीत तासभर सराव. स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी आहे, लेकीच्याच वयाची. ती चित्रांचे पत्ते दाखवते. केळं. घड्याळ. छत्री. कुत्रा. हे बघतात, ओठांची जुळवाजुळव करतात, घाम फुटतो, आणि निघतं ते ‘म्हणजे काय’. गुरुवारी छत्रीला ‘चमचा’ म्हणाले. मला वाईट वाटलं, पण ती मुलगी खुर्चीतून उडालीच. ‘चुकीचा का होईना, नवा शब्द आहे!’

परवा मात्र यांनी पत्त्यांची गड्डी हाताने सारून दिली. सगळे पत्ते जमिनीवर. माझा संयम सुटला. मी ओरडले, ‘अहो, लहान मुलंसुद्धा केळं म्हणतात!’ मुलीने मला बाहेर पाठवलं. व्हरांड्यात बाकावर बसून मी पदराने डोळे पुसले आणि घरी जाऊन कोणाला काही बोलले नाही. तुम्हालाच लिहितेय, का कोण जाणे.

नंतर तिने मला विचारलं, ‘काका काय काम करायचे?’ मी सांगितलं, लेथ. ती म्हणाली, ‘मग मी त्यांना केळी काय दाखवत बसलेय! त्यांच्या हाताखालच्या वस्तूंचे फोटो आणा.’

माझ्याकडे तसलं काही नाही, दादा. कारखाना सोडल्यापासून या घरात साधा पाना नाही. तुमच्याकडे सगळं आहे. फोटो पाठवता येतील का?

तुमची भावजय


२८ मार्च

दादा,

फोटो मागितले होते, तुम्ही पेटी पाठवलीत. खरीच हत्यारं. कॅलिपर, कानस, चकची किल्ली, पितळी बुश, पान्यांचा जुडगा. पेटी उघडली तेव्हा खोलीभर कारखान्याच्या तेलाचा वास पसरला. यांनी एकेक वस्तू डाव्या हातात घेऊन वजन केल्यासारखी तोलली. उजवा हात मांडीवर पडलेला असतो ना, तोसुद्धा किंचित हलला. मी पाहिलं.

नवव्या दिवशी त्या थेरपिस्ट मुलीने कॅलिपर समोर धरला. ‘काका, हे काय?’

बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘माप.’

कॅलिपर नाही म्हणाले, माप म्हणाले. पाच महिन्यांत पहिला बरोबर शब्द. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, दोघींनी एकदम तोंड फिरवलं. मग कानस आली. किल्ली आली. बुशला ‘बस’ म्हणाले, स्वतःच मान हलवून दुरुस्त केलं. दहाव्या दिवशी माझ्या नावाऐवजी लेकीचं नाव घेतलं, लेकीला माझं. आम्ही दोघी ओ देतो.

दहा दिवस संपले. चाचणी घेतली. सुरुवातीला साठ चित्रांपैकी एकही येत नव्हतं, आता चौदा येतात. वाक्य नाही, सुटे शब्दच. डॉक्टर म्हणतात, ठोक्यांचं श्रेय किती, सरावाचं किती आणि तुमच्या पेटीचं किती, हे सांगणारं यंत्र त्यांच्याकडे नाही. सराव रोज करायचा, वर्षभर.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. पेटी आली नसती तर कदाचित लिहिलं नसतं.

ऑक्टोबरात तुम्ही आलात तेव्हा आत सोडत होते, दादा. भेटीची वेळ होती. मी दारात उभी राहून खोटं बोलले. तुम्ही हातातली पिशवी माझ्याकडे दिलीत, ‘बरं’ म्हणालात आणि वळलात. हे जागे होते. दाराच्या काचेतून यांनी तुम्हाला पाहिलं होतं. उठायला बघत होते, कॉटच्या कठड्याला धरून. मी आत गेले तर माझ्या अंगावर ओरडले, ‘म्हणजे काय! म्हणजे काय! म्हणजे काय!’ नर्स धावत आली. मी तिला म्हटलं, ‘कशाला चिडलेत कळत नाही हो.’ मला चांगलं कळत होतं. ज्या माणसाला सांगता येत नव्हतं त्याच्या तोंडावर मी ते म्हटलं.

आणि वाणीचंही सांगून टाकते. हे गोळ्या चुकवत होते. उन्हाळ्यापासून. मला माहीत होतं, पाकीट भरलेलं दिसायचं. दोनदा बोलले, तिसऱ्यांदा कंटाळा केला. म्हटलं, मोठा माणूस आहे, मी काय आया आहे का? मग झटका आला, आणि तुमचे ते शब्द मला आयते सापडले. सगळं तुमच्या अंगावर ढकललं की मला हलकं वाटायचं. तुम्ही वाईट बोललात ते बोललातच. पण हा झटका तुमच्या तोंडून आलेला नाही.

तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या. यायचं असलं तर एखाद्या रविवारी या. दार मी उघडेन.

तुमची भावजय


१४ एप्रिल, संध्याकाळ

दादा,

तुम्हाला जाऊन दोन तास झाले. मी बसथांब्यापर्यंत पळत आले होते, बस वळताना तुमची पाठ तेवढी दिसली. म्हणून लगेच लिहायला घेतलं.

तुम्ही दारात आलात तेव्हा यांनी ‘दादा’ म्हटलं, ते तुम्ही ऐकलंत. तो शब्द आम्ही कुणी शिकवलेला नव्हता. पत्त्यांत नाही, सरावात नाही. तुम्ही चपला काढायच्या विसरून तसेच उभे राहिलात. मग तासभर तुम्ही दोघं पलंगावर पेटी उघडून बसलात, तुम्ही वस्तू उचलायची, यांनी नाव घ्यायचं. एका पान्याला यांनी ‘छत्री’ म्हटलं आणि तुम्ही गंभीरपणे ‘बरोबर’ म्हणालात, तर हेच हसायला लागले. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि बऱ्याच दिवसांनी उगाच कपबशा विसळत राहिले.

चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारत होतात. ‘मी तेव्हा जे बोललो... मला माफ केलंस का?’

आणि हे म्हणाले, ‘नाही.’

तुम्ही उठलात. चहा माझ्या हातातच राहिला. दादा, मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, यांचा हो आणि नाहीचा घोळ होतो. अजूनही होतो. त्या शब्दावर जाऊ नका. त्यांना ‘हो’च म्हणायचं होतं, माझी खात्री आहे.


१५ एप्रिल

कालचं पत्र टाकलं नाही. वरचं शेवटचं वाक्य खोटं ठरलं आहे. खोडायला नको वाटलं, म्हणून तसंच ठेवून पुढे लिहिते.

सकाळी नाश्त्यानंतर मी यांच्यासमोर दोन पत्ते ठेवले, एकावर ‘हो’, एकावर ‘नाही’. हे थेरपिस्ट मुलीने शिकवलंय, तोंड फसवतं तेव्हा बोटाला विचारायचं. आधी सोपे प्रश्न विचारले. ‘तुम्ही शिंपी आहात का?’ बोट ‘नाही’वर. ‘आज सोमवार का?’ ‘हो’वर. ‘ही तुमची लेक का?’ ‘हो.’ एकही चुकले नाहीत. मग विचारलं, ‘दादांना माफ केलंत?’

बोट ‘नाही’वर गेलं. थरथरलं नाही.

मला राग आला. इतकं सगळं झाल्यावर! पेटी आली, तुम्ही आलात, त्या वयात बसने चार तास. मी म्हटलं, ‘अहो, ते बिचारे...’ तर यांनी डावा हात वर केला. थांब. लेकीने टीव्हीचा आवाज बंद केला.

दादा, मग जे झालं ते मी जसंच्या तसं लिहिते. यांनी मान खाली घातली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कपाळ लाल झालं, टाक्यांची जागा जास्तच लाल. ‘अ,’ म्हणाले. ‘अज.’ परत थांबले. मला शब्द कळला होता, जिभेवर आला होता. पण मुलीची ताकीद आहे की सुचवायचं नाही. मी पदर तोंडात धरला.

‘अजून,’ म्हणाले. आणि मग, ‘अजून नाही.’

दोन शब्द जोडले होते यांनी. सहा महिन्यांत पहिल्यांदा. लेक हुंदका देऊन रडायला लागली, पण यांचं संपलं नव्हतं. छातीवर हात ठेवला. ‘मी,’ म्हणाले. ‘मी... बोलेन.’ मग दाराकडे बोट केलं, तुम्ही गेलात त्या दाराकडे. ‘मग.’

एवढं बोलून घामाघूम झाले आणि उशीला टेकले. मी विचारलं, ‘आधी तुम्हाला दादांशी बोलायचंय, आणि माफीचं त्यानंतर बघायचंय. असंच ना?’ यांनी ‘हो’चा पत्ता उचलून माझ्या हातात दिला.

दुपारी थेरपिस्ट मुलीला सांगितलं. ती म्हणाली, ‘काकू, गेल्या महिन्यात काकांना राग आला की पत्ते फेकावे लागत होते.’

मी दिवसभर विचार करतेय. सात वर्षं यांचं बोलणं तुमच्याकडे बाकी आहे. तेव्हा यांच्यापाशी हवे तेवढे शब्द होते आणि यांनी एकही बोलून दाखवला नाही, घरी येऊन नक्कल केली आणि मुकाट्याने काउंटरवर जाऊन उभे राहिले. आता एकेक शब्द खणून काढावा लागतो, तर आता बोलायचं म्हणतात. तुम्ही यांचं न ऐकता माफी मागून घेतलीत आणि मी यांना न विचारता ती देऊन टाकणार होते, यांच्या वतीने. आपण दोघंही यांना मधे तोंड उघडू देत नव्हतो.

तुम्हाला यावं लागेल. एकदा नाही, बऱ्याचदा. गोड काही ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका. शाफ्टचं निघेल, कामगारांसमोरचं निघेल, कदाचित ग्राइंडरचंही निघेल. शब्द चुकतील. तुम्हाला ‘छत्री’ म्हणतील आणि त्याचा अर्थ फार वाईट असेल. एका वाक्याला अर्धा तास लागला तर अर्धा तास बसायचं. शब्द सुचवायचा नाही. ‘कळलं’ म्हणून तोडायचं नाही. आणि यांचं पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही.

रविवारी सकाळची बस धरा. हे आत्तापासून सराव करतायत. पलीकडच्या खोलीतून मला ऐकू येतंय.

तुमची भावजय